तीन सोमवार आणि दोन गुरुवार : बिडव्यांची राजधानीत वस्ती कैसी मुक्रर जाहली

कुलस्वामिनीस दंडवत, गुरूस दंडवत, आणि ज्या घरात सून शहाणी त्या घरच्या उंबऱ्यासही एक दंडवत घालोन लेखनास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, नदीकाठच्या बाजारगावी बिडवे घराण्याची दौलत नांदत होती. दौलत ती केवढी, म्हणाल तर एक केशकर्तनालय, त्यात दोन खुर्च्या, पैकी फिरणारी एक, आरसे तीन, आणि दुकानापुढे सागवानी बाकडे एक. त्या बाकड्यावर जागा पाचांची आणि नित्य बसणार सात. दौलतीचे धनी दामूअण्णा बिडवे, वय वर्षे एकाहत्तर, शेहेचाळीस वर्षे एकाच जागी उभे राहोन गावच्या तीन पिढ्यांची डोकी राखली. घराण्याचा रिवाज ऐसा जे सोमवारी वस्तऱ्यास हात लावणे नाही. सोमवारी दुकान बंद, बाकडे आत, कुलूप बाहेर. अण्णा म्हणत, "वडिलांनी लावला नाही, मीही नाही." एकदा नवरदेव घोड्यावर चढण्याच्या बेतात असता सोमवारी दाढीस आला, त्यासही परत पाठविला, आणि तो खुंटांसहित बोहल्यावर चढला. गावात ही गोष्ट अद्याप सांगतात.

ऐशा दौलतीवर राजाज्ञा येवोन आदळली. अण्णांचे चिरंजीव सुधाकरराव वीजखात्यात चाकरीस, त्यांस बढती मिळोन राजधानीस नेमणूक जाहली आणि माघारंभी हजर व्हावे ऐसा हुकूम आला. बढतीचे पेढे वाटले, आणि पेढे खाऊन तोंड पुसावे तोवर सूनबाई शैलजाबाई यांचे मनी शंका उभी राहिली, ती ही की अण्णांचे काय. कारण श्रावणात अण्णा न्हाणीत पडले होते. तासभर तेथेच होते, मग शैलजाबाई बाजारातून आल्या आणि दार ढकलले तेव्हा कळले. अण्णांचे म्हणणे आजतागायत एकच, की पडलो नव्हतो, बसलो होतो. वैद्यांनी सुधाकररावांस बाजूस घेवोन सांगितले की यापुढे यांस एकटे ठेवू नये. हे अण्णांनी ऐकिले, आणि न ऐकिल्यासारखे केले. मग मसलत बसली आणि अण्णांनी आपली अट घातली. तिघांनी मिळून जागा बघावी. अण्णांस वस्ती पटली तर अण्णा येतील. न पटली तर दुकानाच्या पोटमाळ्यावर एकटे राहतील, स्वयंपाक आपला आपण करतील आणि त्यावर कोणी काही बोलू नये. आणि जागा बघणे ते सोमवारी, कारण इतर दिवशी दुकान आहे. सुधाकरराव म्हणाले, "ठीक आहे अण्णा, सोमवारी तर सोमवारी." सुधाकररावांचा स्वभाव ऐसा की घरात कोणाशीही तंटा नाही, आणि म्हणोनच सगळे तंटे शैलजाबाईंच्या वाट्यास.

शैलजाबाईंनी एक वही केली आणि त्यात चार रकाने पाडिले. पाणी, बस, शेजार, आणि चौथा रकाना नुसता अण्णा. पहिले तीन रकाने भरणे सोपे. चौथा भरेना तर पहिले तिन्ही व्यर्थ, हे त्या जाणून होत्या. अण्णांचीही एक वही होती, परंतु ती डोक्यात. तिच्यात रकाना एकच. वस्तीत आपल्या धंद्याचे दुकान कसे आहे, आणि दुकानापुढे बाकडे आहे की नाही. बाकडे असेल तर माणसे बसतात, माणसे बसतात तर बोलतात, आणि बोलतात तर तेथे म्हातारा माणूस राहू शकतो. यापरते नगरशास्त्र अण्णांस ठाऊक नव्हते, आणि लागतही नव्हते.

पहिल्या सोमवारी लाल गाडीने स्वारी निघाली, तीन तासांत राजधानीच्या पश्चिमेस नवा परगणा वसला आहे तेथे पोहोचली. बावीस मजल्यांचे बुरूज, दारावर चौकीदार, त्याने तिघांची नावे लिहून घेतली आणि अण्णांस विचारिले, "कोणत्या कामासाठी?" अण्णा बोलिले, "राहायला." चौकीदाराने तेही लिहिले. घर पाहिले, ते स्वच्छ होते आणि हवेशीर होते, आणि खिडकीतून खाली पाहता माणसे तिळाएवढी दिसत होती. मग अण्णा खाली उतरोन आपले काम पाहण्यास गेले. तळमजल्यास काचेचे दुकान, आत गार वारा, आणि सोमवार असोन दुकान सुरू. अण्णा दारातच थबकले आणि मेजापाशी बसलेल्या मुलीस म्हणाले, "आज सोमवार ना?" ती म्हणाली, "हो काका, आम्ही सातही दिवस ओपन असतो. अपॉइंटमेंट आहे का?" अण्णांनी डोईची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि बाहेर आले. परतीच्या गाडीत एकच वाक्य बोलिले की, "राजधानीत सोमवार मेला." हे वाक्य ध्यानी ठेवावे, कारण पुढील सगळा घोळ यातून निघाला.

दुसऱ्या सोमवारी उत्तरेचा परगणा. हमरस्त्याच्या कडेस, गाड्यांचा घोष अखंड, पाणी दिवसातून वीस मिनिटे, तेही घरमालक म्हणे नशीब असल्यास. तेथे धंद्याची दुकाने दोन, दोन्ही सोमवारी सुरू, दोन्हींपुढे बाकडे नाही. गिऱ्हाईक येई, कानात तार घालोन खुर्चीत बसे, डोके उतरवून घेई आणि एक शब्द न बोलता जाई. अण्णांनी हे काचेबाहेरून पाऊण तास पाहिले. म्हणाले, "अरे, याच्या आईचं बरं आहे की नाही तेसुद्धा विचारलं नाही त्यानं." आणि सोमवार मेला हा सिद्धान्त आणखी पक्का जाहला. शैलजाबाईंनी वहीत दोन पाने आडवी रेघ मारून बाद केली.

तिसऱ्या सोमवारी राजधानीच्या नदीपलीकडचे जुने उपनगर. तिथे शिरता क्षणीच शैलजाबाईंचे मन निवाले. दोन-तीन मजल्यांच्या इमारती, कुंपणाशी शेवग्याची झाडे, सुधाकररावांच्या कचेरीस थेट एकच बस, पाणी सकाळ-संध्याकाळ. तळमजल्याचे घर, घरमालकीण कुसुमताई नावाची गृहस्थीण, तिने चहा दिला, आणि चहाबरोबर शेजारच्या चार घरांची हकीकतही दिली. शैलजाबाईंनी तीन रकाने झरझर भरले आणि चौथ्यासाठी अण्णांची वाट पाहत बसल्या. अण्णा रस्ता फिरून आले ते चेहरा उतरवून. बोलिले, "एका रस्त्यावर आपल्या धंद्याची चार दुकानं. चारही बुडालेली. फळ्या लागल्यात, पाट्यांचे रंग उडालेत, बाकडं औषधाला नाही. जिथं माणसं दाढीलासुद्धा घराबाहेर पडत नाहीत तिथं मी कुणाशी बोलू? भिंतींशी?" सुधाकरराव म्हणाले, "अण्णा, पण घर..." आणि तेथेच थांबले. अण्णांनी निकाल दिला की तीन सोमवार पाहिले, पुष्कळ जाहले, आता तुम्ही दोघे खुशाल जा, मी पोटमाळ्यावर राहतो. घरी परतताच त्यांनी पोटमाळा झाडण्यास घेतला. शिडीवर अण्णा, खाली शिडी धरून शैलजाबाई. श्रावणातले न्हाणीचे दार त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

ऐशा चिंतेत दोन दिवस गेले आणि ध्यानी आले की वही कुसुमताईंकडे राहिली. नकार देणे तो समक्ष द्यावा आणि वहीही आणावी, म्हणोन गुरुवारी शैलजाबाई एकट्याच निघाल्या. नदी ओलांडली, त्या रस्त्यास लागल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या. कारण बुडालेली चारही दुकाने तरंगत होती. फळ्या निघालेल्या, आरसे झळकत, साबणाचा वास रस्त्यापर्यंत, आणि चारही दुकानांपुढे चार बाकडी. पहिल्या बाकड्यावर पाचांच्या जागेत सात म्हातारे, एकच वर्तमानपत्र पाने सुटी करून सातांत वाटलेले, आणि वाचीत कोणीच नव्हता, सगळे बोलत होते. शैलजाबाईंनी दुकानाच्या धन्यास विचारिले की सोमवारी तर इथे सगळे बंद होते. धनी निवृत्ती सैंदाणे, वय साठीचे, हातातला वस्तरा न थांबविता बोलिला, "सोमवारी बंदच असतं बाई. सोमवारी आम्ही वस्तऱ्याला हात लावत नाही. वडिलांनी लावला नाही, आम्हीही नाही." हे शब्द शैलजाबाईंनी आपल्या घरी शंभर वेळा ऐकिले होते. त्यांस हसू आले, ते पदराने झाकले आणि कुसुमताईंकडे जावोन वही घेतली, परंतु नकार दिला नाही. आठ दिवस थांबा म्हणाल्या.

आता प्रसंग बिकट तो पुढेच. शेहेचाळीस वर्षे ज्याने सोमवार पाळला त्यास दुसऱ्याचा सोमवार ओळखू आला नाही, ही गोष्ट गावच्या बाकड्यावर गेली असती तर वर्षभर पुरली असती. म्हणोन शैलजाबाईंनी घाई केली नाही. दुपारची जेवणवेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही, बाकडे रिकामे, अण्णा कात्र्या पुसत बसलेले, ऐसा समय साधून डबा घेवोन गेल्या आणि डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अण्णा, ती चार दुकानं बुडालेली नाहीत."

"मग?"

"सोमवार पाळतात."

अण्णांचा हात कात्रीवर थांबला. म्हणाले, "चारही?" "चारही." "आणि बाकडी?" "आत घेतात. तुमच्यासारखीच." अण्णांनी समोरच्या आरशात पाहिले आणि आरशातून सुनेकडे पाहिले. म्हणाले, "मग त्या दिवशीच का नाही बोललीस?" शैलजाबाई म्हणाल्या, "मला तरी कुठं सुचलं? राजधानीत सोमवार मेला म्हणून तुम्हीच सांगितलं होतं." यावर अण्णांनी डब्याचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले. हळूच विचारिले, "सुधाकरला सांगितलंस?" "नाही." "बाकड्यावर कुणाला?" "नाही अण्णा." "बरं केलंस," ऐसे बोलोन अण्णा जेवावयास बसले, आणि त्या दिवशी भाकरी एक अधिक खाल्ली.

पुढल्या गुरुवारी बाजारगावात हाहाकार जाहला. अण्णांचे दुकान गुरुवारी बंद, हे कोणी पाहिलेले नव्हते. सकाळी आठाच्या सुमारास दुकानापुढे पंधरा-वीस मंडळी खांद्यावर उपरणी घेवोन, माना खाली घालोन उभी राहिली. एकाने फुलेही आणली होती. इतक्यात गल्लीतून अण्णा पिशवी घेवोन गाडी गाठण्यास येताना दिसले. फुले आणणारा म्हणाला, "अण्णा, तुम्ही आहात होय? मग आम्ही कुणासाठी आलो?" अण्णा बोलिले, "आलाच आहात तर फुलं देवळात देऊन जा," आणि न थांबता पुढे गेले. मागे शैलजाबाई, त्यांच्या पदराचे टोक तोंडात.

नदीपलीकडे पोहोचता अण्णा थेट सैंदाण्यांच्या खुर्चीत जावोन बसले आणि दाढी करा म्हणाले. आपण कोण हे सांगितले नाही. गरम पाणी आले, पंचा आला, फेस चढला, वस्तरा फिरला, आणि अण्णा डोळे मिटून एकेक खूण तपासीत होते. अंगठा कोठे टेकतो, हनुवटीशी हात उलटा होतो की नाही, कानामागे विसरतो काय. काम उरकल्यावर अण्णांनी आरशात पाहून म्हटले, "मिशीखाली उजवीकडं एक केस राहिलाय." निवृत्ती सैंदाणे पंचा झटकीत म्हणाला, "मुद्दाम ठेवला. खुर्चीत बसल्यापासनं माझा अंगठा बघताय. म्हटलं, पाव्हणे धंद्यातले दिसतात, बघू सापडतो का." आणि बाहेर हाक घातली की सरका रे, मोठी माणसं आलीत. बाकड्यावरचे सात सरकले आणि पाचांच्या जागेत आठ जाहले.

शैलजाबाई कुसुमताईंच्या ओट्यावर बसोन राहिल्या. तेथून बाकडे दिसे, शब्द ऐकू येत नसत. दोन तास जाहले, तीन जाहले. अण्णा हातवारे करीत होते, कोणा एकाच्या पाठीवर थाप मारीत होते, एकदा तर उभे राहोन कसलीशी नक्कल करून दाखविली, आणि साताचे सात हसले. बहुधा तो खुंटांचा नवरदेव असावा. उन्हे उतरली तेव्हा अण्णा उठून आले, ओट्याच्या पायरीवर टेकले, पाणी प्याले. शैलजाबाईंचा जीव कानात गोळा जाहला, परंतु विचारण्याचे धैर्य होईना. अण्णांनी भांडे खाली ठेविले आणि पायरीकडे पाहत म्हणाले, "कुसुमताईंना सांग, न्हाणीत हाताशी धरायला एक दांडी बसवून द्या म्हणावं. लोखंडी. भिंतीत नीट पक्की."

श्रावणापासून मार्गशीर्ष सरेतो जे कबूल केले नव्हते ते अण्णांनी या एका वाक्यात कबूल केले. शैलजाबाई आत गेल्या, कुसुमताईंस दांडीचे सांगितले, आणि सांगताना डोळ्यांस पाणी आले. कुसुमताई घाबरल्या. म्हणाल्या, "अगं, दांडीच ना, बसवू की उद्या. त्यात रडायचं काय?" शैलजाबाईंनी वही उघडली, चौथ्या रकान्यात होकाराचे एक टिंब दिले आणि मिटली. बाहेर येता अण्णा म्हणाले, "एक अडचण आहे मात्र. सोमवारी इथं बाकड्यावर कुणी नसणार. सोमवारी मला कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा." शैलजाबाई म्हणाल्या, "सोमवारी घरी बसा अण्णा. आम्हीपण बोलतो थोडंफार." अण्णांनी यावर विचार केला आणि बरे म्हणाले.

पौष संपता संपता दुकान भाच्याच्या स्वाधीन केले, बाकडे मात्र तेथेच ठेविले, कारण त्यावरील सात जणांस दुसरा ठाव नव्हता. माघारंभी बिडवे मंडळी नदीपलीकडे नांदू लागली. सुधाकरराव वेळेवर हजर जाहले. अण्णा मंगळवार ते रविवार बाकड्यावर, आणि निवृत्ती सैंदाण्यास गर्दी जाहली तर दोन डोकी उतरवून देतात, सोमवारी देत नाहीत. दांडी पक्की बसली आहे. अण्णांचे म्हणणे, ती आपण टॉवेल वाळत घालण्यास सांगितली होती, आणि यास घरात कोणी हरकत घेत नाही. एणेप्रमाणे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. मजकूर सरला, सर्वांचा जीव भांड्यात पडला आणि लेखणी खाली ठेविली.