करड्या बाजारातला कॅमेरा

मी कोल्हापुरात घेतलेला जुना कॅमेरा फक्त जपानात राहून आलेल्या माणसांचेच फोटो काढतो.

घेताना मी घाई केली नव्हती. भिंगाला बुरशी धरली आहे का, ते टॉर्च लावून पाहिले. बॅटरीचा कप्पा उघडून गंज शोधला. आकाशाचा फोटो काढून त्यात धुळीचे ठिपके तपासले. मग कपाटाचा काढला, दुकानासमोर लावलेल्या स्कूटरचा काढला. एखाद्या माणसाचा काढून पाहावा, एवढे मात्र सुचले नाही.

दुकानदार शेटे यांनी काहीही लपवले नव्हते.

"ग्रेचा माल आहे, साहेब. पक्कं बिल नाही, वॉरंटी नाही. बाकी मशीन लोणी."

"ग्रे म्हणजे चोरीचा?"

"छे. चोरीचा तो काळा. हा करडा. जपानात विकायला बनवलेला, कुणीतरी इकडं आणला. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

दोष नव्हता, म्हणून मी तो घेतला.

इचलकरंजीला घरी आल्यावर पत्नीला, त्रिशलाला, खिडकीजवळ बसवून फोटो काढला. फोटोत खुर्ची आली, साडी आली, चष्मा आपल्या उंचीवर हवेत आला. त्रिशला आली नाही. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बराच वेळ निरखून पाहिले.

"निऱ्या झकास आल्यात," ती म्हणाली. "पण मी कुठाय?"

मी शेट्यांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही माणसांचे फोटो काढणार, असं आधी सांगायचं होतं. लोक पक्ष्यांसाठी घेऊन जातात. आजवर तक्रार नाही."

कंपनीच्या सेवा केंद्रात मला नंबर मिळाला. काउंटरवरच्या गायकवाड मॅडमनी कॅमेऱ्याच्या बुडाचा क्रमांक संगणकात घातला आणि कॅमेरा माझ्याकडे परत सरकवला.

"हा तिथल्या बाजारासाठी आहे. तिथल्याच माणसांना घेतो."

"दुरुस्त होईल का?"

"बिघडलाय कुठं? तुम्ही इथल्या बाजारासाठी आहात, एवढंच."

"म्हणजे जपानी माणूसच लागतो?"

"तसं नाही. सलग सहा महिने तिथं राहिलेला कुणीही चालतो. पूर्वी एक वर्ष होतं, आता शिथिल केलंय."

मी आभार मानून निघालो. वाटेत मला अण्णा आठवले.

अण्णा माझे सख्खे चुलते. तरुणपणी गिरणीने नवे माग चालवायला शिकण्यासाठी त्यांना दीड वर्ष ओसाकाला पाठवले होते. गावात त्यांना जपान अण्णाच म्हणतात. जपानी लोक चपला बाहेर काढून घरात येतात, हे ते आम्हाला आम्ही चपला काढत असताना सांगत. गिरणीतले त्यांचे जुने जोडीदार चौगुले तेवढे या गोष्टी ऐकून सुपारी चघळत राहायचे.

कॅमेऱ्याची हकिकत ऐकून अण्णा खूष झाले. "अरे, मग हा आपल्या घरचाच निघाला की. माझ्या पंचाहत्तरीला आण. चौगुल्याला पहिल्या रांगेत बसवतो."

निमंत्रण पत्रिकेवर त्यांनी एक ओळ वाढवली: 'या प्रसंगी अण्णांचे छायाचित्र अस्सल जपानी कॅमेऱ्याने घेण्यात येईल.' चौगुल्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "येऊ दे फोटो. मग बोलू."

मंगल कार्यालय भरले होते. व्यासपीठावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर फेटा बांधून, शाल पांघरून अण्णा बसले होते. दुसरीवर पद्माकाकी, मांडीवर नारळ धरून. त्यांना अशा ठिकाणी बसायची सवय नव्हती. कधी एकदा उठून पंक्तीकडे जाते, असे त्यांना झाले होते. मी फोटो काढला आणि पडद्यावर पाहिले. मग व्यासपीठावर चढलो आणि कॅमेरा फक्त अण्णांना दिसेल असा धरला.

फेटा उत्तम आला होता. शाल खांद्यांच्या आकारात उभी होती. मध्ये अण्णा नव्हते.

"पुन्हा काढ," अण्णा ओठ न हलवता म्हणाले.

मी खाली उतरून पुन्हा काढला आणि वर येऊन त्यांना दाखवला. तसाच आला. पहिल्या रांगेतले चौगुले उठून चपला शोधू लागले.

अण्णांचे बोट पडद्यावर सरकले आणि थांबले. "हिच्या चष्म्यामागं हे काय आहे?"

"काकी आहेत," मी म्हणालो.

काकी पूर्ण आल्या होत्या. कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट होती. अण्णांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा शेजारच्या खुर्चीकडे.

"तू कधी गेलीस?"

"तुम्ही वापीत होता तेव्हा," काकी म्हणाल्या.

अण्णांच्या तोंडून गुजरातेतल्या वापीचे नाव मी आजवर ऐकले नव्हते. त्यांनी फेटा जरा सैल केला.

"मला तर तू माहेरी असल्याचं कळवलं होतंस."

"आणि तुम्ही मला ओसाकाचं. म्हटलं, बघून यावं. तिथं सापडला नाहीत, आणि परतीचं जहाज लगेच नव्हतं. सात महिने राहिले."

चौगुले पायऱ्यांपाशी पोचले होते. अण्णा माझ्याकडे पाहत होते, पण मला कॅमेऱ्याबद्दल जेवढे ठाऊक होते, त्यात त्यांच्या उपयोगाचे काही नव्हते.

"आता याला काय सांगू?" ते काकींना म्हणाले.

"सांगा, जोडीनं गेलो होतो."

"आणि फोटोत मी का नाही?"

काकींनी नारळ सावरला. "फोटो काढणारा फोटोत कुठं असतो?"

अण्णा उठले. शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, फेटा माझ्या हातात दिला आणि कॅमेरा घेऊन पायऱ्या उतरले. बटण कुठले ते मी दाखवले. "नीट बस गं," ते म्हणाले. "हलू नको." काकी नीट बसल्या. अण्णांनी एक फोटो काढला आणि तो स्वतःच चौगुल्यांपुढे धरला.

चौगुल्यांनी चष्मा वर करून तो पाहिला. "वहिनी पण गेल्या होत्या व्हय?"

"एकटं कोण जातंय?"

"आणि हा तू काढलास?"

"तुझ्यादेखत काढला की."

चौगुल्यांनी चष्मा खाली केला. ते पंक्तीला जाऊन बसले.

तो फोटो आता अण्णांच्या दिवाणखान्यात लावला आहे. नारळ घेऊन बसलेल्या काकी, शेजारी रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल. खाली फ्रेमवाल्याने बारीक अक्षरात लिहून दिले आहे: 'छाया : अण्णा मगदूम'. येणारे-जाणारे हल्ली ओसाकाबद्दल काकींना विचारतात. काकी तिथल्या थंडीबद्दल सांगतात, बंदरावरच्या मासळीच्या वासाबद्दल सांगतात. अण्णा समोर बसून ऐकतात, आणि कुणी मध्ये बोलले तर त्याला गप्प करतात.