लाल फडक्यातलं इंग्रजी

मी कुणाला उलटून बोलत नाही. सोमवार करते, संकष्टी करते, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, आणि राग आलाच तर तुळशीला पाणी घालते. आमची तुळस त्यामुळे माझ्या खांद्याला लागली आहे. तर अशा बाईने या श्रावणात जाहीर केलं, की महिनाभरात इंग्रजी घडाघडा वाचून दाखवीन.

कारण तसंच होतं. रेवदंड्याला आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. झाडलोट माझी, मोदक माझे, चादरींवरचे डाग माझे. पण पाहुण्यांचे मेसेज येणार इंग्रजीत आणि ते वाचणार मुंबईत बसून आमचा हर्षद. तो कंटाळला.

"आई, दिवाळीपासून खोल्या एजंटला देऊन टाकू. मला वेळ नाही, तुला वाचता येत नाही."

खोल्या गेल्या तर मला उरणार काय? आमच्या ह्यांचं घोरणं.

"श्रावण संपेपर्यंत थांब," मी म्हटलं. "शिकते मी."

"कशी?"

"पोथी शिकले तशी."

दहावीपर्यंत इंग्रजी होतं मला. अक्षरं ओळखीची होती, फक्त बरीच वर्षं बोलणं नव्हतं. कुणी पाहुणी खाटेखाली एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेली होती. ते मी पुसलं, लाल फडक्यात बांधलं आणि देवघरासमोर पाट मांडला. नियम पोथीचेच. आंघोळ करून बसायचं, रोज एक अध्याय मोठ्याने वाचायचा, अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही की बोलायचं नाही.

पहिल्याच दिवशी हे पेपराआडून म्हणाले, "अर्थ कळतोय का?"

मी अध्याय संपवला, साखरेचा नैवेद्य दाखवला, मग म्हटलं, "इतकी वर्षं मी पोथी वाचते, तुम्हाला अर्थ कळला?"

"मी ऐकतच नव्हतो."

"मग आताही ऐकू नका."

सुरुवातीला माझं वाचन म्हणजे खडीवरून बैलगाडी. आठवडाभरात गाडी डांबरी रस्त्याला लागली. नेमकी तेव्हाच शेजाऱ्यांकडे सुकी मासळी घालून परतताना मनुबाई कोळीण दारात थबकली. तिने पाटी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, पाय धुतले आणि हात जोडून माझ्यामागे बसली.

"वैनी, कंच्या देवाची पोथी हाय?"

अध्याय अर्ध्यात! बोलायची सोय नाही. म्हणून मी नुसतं बोट वर केलं, म्हणजे 'थांब जरा'. मनुबाईने वर आढ्याकडे बघून दंडवत घातला.

संपल्यावर मी खरं सांगणारच होते. पण ती म्हणाली, "काय गोड वाचतंस गो. काय बी समाजला न्हाय, पन मनाला बरा वाटला." चाळीस वर्षांत माझ्या वाचनाला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी तिच्या हातावर साखर ठेवली आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ती नीराबाईला घेऊन आली. नारळी पौर्णिमा झाली आणि पहिल्याच फेरीत नीराबाईच्या होडीला पापलेट लागलं, भरपूर. मग काय विचारता! बायका नारळ घेऊन यायला लागल्या. देवघरात जागा पुरेना, म्हणून नारळ पाहुण्यांच्या खोलीतल्या खाटेवर रचले.

शेवटच्या आठवड्यात हर्षदचा फोन आला. "आई, एका पाहुणीचा मेसेज तुझ्या फोनवर पाठवलाय. मी बघणार नाही. तूच वाच, तूच काय ते कर. जमलं तर खोल्या तुझ्या."

मी पाटावर बसून तो मेसेज सगळ्यांपुढे दोनदा वाचला. एकदाही अडखळले नाही. बायकांनी हात जोडले. मी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि मनात म्हटलं, जिंकले!

समाप्तीच्या दिवशी अंगण बायकांनी भरलं होतं. शिरा तयार होता. मी शेवटच्या अध्यायात शिरले आणि दारात रिक्षा थांबली. घामाने निथळणारी एक बाई चाकांची बॅग ओढत आत आली.

"मी मृणाल. दोन तास मांडव्याच्या जेट्टीवर उभी होते. गाडी पाठवा म्हणून मेसेज केला होता ना? तुम्ही नमस्कार पाठवलात."

मला उठता येईना, बोलता येईना. मी बोट वर केलं. तिनेही आढ्याकडे बघितलं. ती खोलीत गेली, नारळ बघून बाहेर आली, आणि मग माझं वाचन तिच्या कानावर पडलं. तशी ती मटकन खालीच बसली.

"हे माझंच पुस्तक, गेल्या खेपेला इथे विसरलेलं," ती पुटपुटली.

अध्याय संपला. मनुबाई हात जोडून तिला म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या. या पोथीचा फल काय ता सांगा."

मृणालताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"यातली बाई," त्या म्हणाल्या, "घरकाम करते, देवाचं करते, कुणाला उलटून बोलत नाही. नवरा तिचं काही ऐकत नाही. म्हणून ती रोज त्याच्या चहात थोडं थोडं विष घालते. शेवटी तो मरतो, तिच्यावर कुणाला संशयही येत नाही, आणि ती समुद्रकाठी एकटी सुखाने राहते."

ह्यांच्या हातात कप होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"म्हंजे फल मिलतं," मनुबाई म्हणाली.

"पोथी परत कवा लावतंस गो वैनी?" मागून नीराबाई.

मृणालताई हसत सुटल्या आणि दोन ताटल्या शिरा खाऊन नारळांच्या खाटेशेजारी गादी टाकून झोपल्या.

संध्याकाळी हर्षदचा फोन आला. जेट्टीची हकीकत त्याला कळली होती. मी काही बोलणार, तोच ह्यांनी फोन घेतला.

"खोल्या आईकडेच राहतील. एजंटचं नाव काढू नकोस. आणि तिला नाही म्हणायचं नाही, ऐकतोयस ना?"

त्याला कारण कळलं नाही. मीही सांगितलं नाही. मी कुठे कुणाला काही बोलते?

मृणालताई जाताना खोल्यांबद्दल इंग्रजीत मोठा अभिप्राय लिहून गेल्या. मी तो रोज न अडखळता वाचते. चांगला असावा. वाचताना चहा लागतो, तो आता हेच करतात. दोघांचा.