फुकटचं घड्याळ आणि अर्धी कवळी

त्या दिवशी सकाळी मी एवढंच ठरवलं होतं, की खिडकीतली ती कळकट वाटी आज घासून टाकायची. दुसरं काही मनात नव्हतं, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. वाटीतलं पाणी मोरीत भिरकावलं आणि पाण्याबरोबर आमच्या ह्यांची कवळी गेली. दगडावर आपटली. वरचे दोन तुकडे, खालचे तीन. (खरे दात फार पूर्वी पडले. त्यात माझा हात नव्हता.)

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बसल्यामुळे बोलणं मुळातच कमी. आता दात गेल्यावर जे बोलतील ते फक्त वारा आणि थुंकी. पण त्याचं मला फार वाईट वाटलं नाही, खरं सांगते. वाईट वाटलं ते शेंगदाण्यांचं. ह्या माणसाला आयुष्यात दुसरं व्यसन नाही. दुपारी मूठभर भाजलेले दाणे, बस. कवळी फुटल्यावर हे एक दाणा तोंडात टाकायचे, तासभर गोळीसारखा चघळायचे आणि शेवटी जसाच्या तसा बशीत काढून ठेवायचे. बशीत असे सात-आठ ओले दाणे जमले की मला जेवण जाईना.

दातांचे डॉक्टर म्हणाले, चार हजार. वरच्या कवळीचे दोन, खालचीचे दोन. आम्ही जगतो सरकारी मदतीवर. महिन्याला पंधराशे, थेट बँकेत. ते आले कधी आणि गेले कधी, हे त्या पैशांनाही कळत नसेल. तरी म्हटलं, पासबुकात एखादा रुपया लपून बसला असेल तर बघावा.

मला वाचता येत नाही. ह्यांना येतं. म्हणजे अक्षर ह्यांच्याकडे आणि तोंड माझ्याकडे, अशी आमच्या संसाराची पहिल्यापासून वाटणी. ह्यांनी पासबुकावर बोट फिरवलं, मग पाटीवर आकडे मांडले. दर महिन्याला बँक काही ना काही कापत होती. खात्यात पैसे कमी म्हणून कापले, म्हणजे ते आणखी कमी झाले, म्हणून पुन्हा कापले. पैसे कापल्याचा मेसेज पाठवला म्हणून त्याचेही कापले. आमच्याकडे फोन नाही. तीन वर्षांचे मिळून चार हजार दोनशे.

मला तर आनंदच झाला. म्हणजे ह्यांचे दात बँकेत पडून होते, नुसते जाऊन आणायचे.

हे काहीतरी सांगत होते आणि भिंतीकडे बोट दाखवत होते. भिंतीवर आमचं घड्याळ, दोन वर्षं सव्वाचारावर थांबलेलं. म्हटलं, अहो, बंद घड्याळात काय बघताय, चपला घाला.

बँकेत खिडकीवरच्या मुलीने पासबुक पाहिलं आणि म्हणाली, नियमाप्रमाणे कापलेत. मी विचारलं, नियम कोणाचा? ती म्हणाली, वरून आलाय. मग मी वरच्या माणसाला बोलाव म्हटलं आणि आवाज जरा चढवला. (माझा चढवलेला आवाज काय असतो ते आमच्या चार भिंतींना विचारा.) साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले. तरुण माणूस, गळ्यात फास आवळल्यासारखा टाय. त्यांनी मशिनीत बघितलं आणि म्हणाले, आजी, सरकारी मदतीच्या खात्यातून कसलेच पैसे कापत नाहीत. पण तुमचं खातं तसलं नाही. तुमचं सुवर्ण खातं आहे. त्यात कायम पाच हजार ठेवावे लागतात.

सुवर्ण म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. रांगेकडे तोंड करून मी सांगितलं, बघा हो, माझ्या अंगावर फुटका मणी नाही आणि ह्या बँकेने मला न विचारता सोन्यात बसवलंय. ह्या म्हाताऱ्याच्या तोंडचे दात काढून घेतले बँकेने. रांगेत चांगली हळहळ झाली. एका बाईने तर डोळ्याला रुमाल लावला.

हे माझी बाही ओढत होते. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तोंडात दात नसताना मध्ये बोलू नका.

ह्यांनी माझी बाही सोडली. टेबलावरचा पैसे भरायचा कागद उलटा केला, दोरीला बांधलेलं पेन ओढलं, सावकाश चार ओळी लिहिल्या आणि साहेबांपुढे सरकवल्या. मला वाटलं, शाब्बास, माझ्या बाजूने काहीतरी ठोकून दिलं असणार. म्हटलं, साहेब, मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू द्या.

साहेबांनी मोठ्याने वाचलं. "तीन वर्षांपूर्वी भिंतीवरचं घड्याळ फुकट मिळतं म्हणून हिनेच अंगठा लावला. मी नको म्हणत होतो. तेव्हा मला दात होते."

रुमालवाल्या बाईने रुमाल खाली घेतला. रांग इतकी हसली की पहारेकरी दारातून आत डोकावला. खिडकीवरच्या मुलीने तेवढ्यात कपाटातून खातं उघडल्याचा कागद शोधूनही आणला (एरवी ह्या बँकवाल्यांना स्वतःची पेन्सिल सापडत नाही). माझाच अंगठा. ठसठशीत, निळाजांभळा.

मी पदर खोचला. मग म्हटलं, हो, लावला अंगठा. पण ज्या बाईला महिन्याला पंधराशे मिळतात, तिला पाच हजार ठेवायचं खातं विकताना तुमच्यापैकी एकाच्याही तोंडून 'नको' निघालं नाही? तेव्हा तुम्हालाही दात नव्हते का?

साहेब काही बोलणार, इतक्यात मागून एक काठीवाले गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे पण घड्याळ आहे." त्यांच्या मागची बाई म्हणाली, आमच्याकडेही. हां हां म्हणता पिशव्यांमधून पासबुकं बाहेर यायला लागली. साहेबांनी मला घाईघाईने काचेच्या खोलीत नेलं, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे फिरवला आणि हळू आवाजात म्हणाले, तुमचे पैसे परत करतो, फक्त बाहेर काही बोलू नका.

आठ दिवसांत परत आले. तेवीसशे. उरलेले एकोणीसशे घड्याळाची किंमत म्हणून कापून घेतले. मी जाऊन सांगितलं, ते बंद आहे. मुलगी म्हणाली, कागदावर बंद-चालू असा रकाना नाही.

तेवीसशेत दात आले ते वरचे. डॉक्टर म्हणाले, खालच्यांचे पैसे जमले की या. आता ह्यांना हसता येऊ लागलं, शब्दही बरेच स्पष्ट फुटू लागले, पण चावायचं म्हटलं तर वरचे दात खाली कोणाला भेटणार? बशीत ओले दाणे होतेच. फक्त आता एका बाजूने ओरखडलेले.

मी हिशेब केला, महिन्याला थोडे थोडे टाकले तर खालची कवळी सहा महिन्यांत येईल. तर पुढच्या महिन्यात मदतच आली नाही. मदतीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, तुमच्या खात्यात तेवीसशे जमा झालेत, तुमचं उत्पन्न वाढलंय, मदत थांबवली. मी म्हटलं, अहो, ते माझेच, चोरून नेलेले परत आले. तो म्हणाला, चोराकडून तसं लेखी आणा.

पुन्हा बँक. हे या वेळी घरीच राहिले, गुडघा धरला होता. मी एकटी गेले. खिडकीवरच्या मुलीने पत्र दिलं, शिक्का दिला आणि पत्राचे पन्नास रुपये खात्यातून कापले. मी वाद घातला नाही. माणूस शिकतो. शिवाय मुलगी त्या दिवशी फार गोड बोलत होती. आजी बसा म्हणाली, पाणी विचारलं, ह्यांच्या दातांची चौकशी केली.

पत्र कचेरीत नेऊन दिलं. कारकुनाने मदत सुरू केली, राहिलेल्या महिन्याची पण देतो म्हणाला. मी अगदी तरंगत घरी आले. ह्यांना सांगितलं, झालं काम, खालचे दात आता सहा महिन्यांत. हे वरच्या दातांनी छान हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. पिशवीतून एक डबा डोकावत होता. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, किलोभर शेंगदाणे सहज मावतील असा. म्हटलं, दात आले की दाणे लागणार, दाणे आले की डबा लागणार, सोय आधीच केलेली बरी. आणि पैसे काही पडले नाहीत.

ह्यांचं हसू थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग डब्याकडे. मी उजवा हात हळूच मुठीत मिटून मागे घेतला.

कवळी फुटल्यापासून ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच एक अख्खं वाक्य निघालं, एक अक्षर न सांडता.

"अंगठा दाखव."