सरकी-पेंडवाल्या अप्पांचं गोल्फ

मन्मथअप्पा व्हिडिओ गेम खेळायला उभे राहण्याआधी पायातल्या चपला काढून बाहेर ठेवत. पूर्णा स्टेशनच्या रस्त्याला मुंजाजीचं पत्र्याचं पार्लर होतं. तिथल्या चार मशिनांपैकी तीनवर मारामाऱ्या चालत आणि चौथ्यावर गोल्फ. मी एकदा अप्पांना या अनवाणीपणाचं कारण विचारलं. पडद्यावरच्या हिरव्यागार मैदानाकडे हनुवटी करून ते म्हणाले, "लोकाच्या रानात चालायलाव मास्तर. चपला घालून कसं जावं?"

अप्पांचं वय साठीकडे झुकलेलं. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि घरातली पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती. शाळेत नोकरीला लागून मी नवाच पूर्णेला आलो होतो. पहिले सहा महिने आमचे मालक माझ्याशी दोनच गोष्टी बोलले: सकाळी नमस्काराऐवजी "शरणार्थ" आणि पाणी आलं की "नळ आलाय". दुकानातही तेच. गिऱ्हाईक तोंड दुखेस्तोवर बोले आणि अप्पा बोटानं भाव दाखवत. मला वाटायचं, माणूस भलताच आखडू आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुली उदगीर-लातूरकडे दिलेल्या, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं.

पार्लरची जागा अप्पांचीच. एका दुपारी पत्रा गळतो का ते बघायला ते आत शिरले आणि गोल्फच्या मशीनपाशी थबकले. त्या मशीनला कुणी हात लावत नसे. त्यात कुणी मरत नाही, मग खेळायचं कशाला, असा पोरांचा रास्त सवाल होता. गिऱ्हाईक नसलं की मशीन आपलं आपणच खेळून दाखवायचं. अप्पा ते तासभर बघत राहिले. मग मुंजाजीला म्हणाले, "बिचारं एकलंच खेळायलंय की रे," आणि दांडी हातात घेतली.

त्यानंतर अप्पांना वाचा फुटली, पण फक्त मशीनसमोर. गोल्फ त्यांनी आपल्या मुलखात आणून ठेवला होता. चेंडू ज्या भोकात घालायचा ती गोट्यांमधली 'गल'. मैदानातलं तळं म्हणजे येलदरीचं धरण. वाळूचा खड्डा म्हणजे गंगेचं, आमच्या गोदावरीचं, पात्र. चेंडू पाण्यात पडला की अप्पा शांतपणे म्हणत, "गेला येलदरीला." एवढं पाणी असून त्या साहेब लोकांनी काहीच पेरलं नाही, याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. "निस्तं गवत, मास्तर. न् एक बी म्हैस न्हाई."

चेष्टा इथवरच, कारण त्यांचा खेळ बघितला की तोंडाला कुलूप लागायचं. फटक्याची ताकद दाखवणारी एक पट्टी पडद्याच्या कडेला सरसर वर चढे, ती हव्या त्या जागी बटण दाबून थांबवायची. आमची बोटं नेहमी मागं राहायची. अप्पांचा जन्म तागडीच्या काट्याकडे बघण्यात गेला होता. त्यांचं बोट आणि ती पट्टी यांचं आतून काही ठरलेलं असावं. कोपऱ्यात वाऱ्याचा बाण असे, तो बघून ते चेंडू सरळ झाडीकडे मारत. आम्ही हळहळायचो, तोवर चेंडू वाऱ्यावर वळून गलीशेजारी येऊन बसलेला असे. मारामाऱ्या खेळणारी पोरंसुद्धा हातातलं सोडून बघायला यायची. मी आयुष्यात मोठमोठ्या माणसांना लांबून पाहिलं आहे, पण एखादी गोष्ट पूर्ण येणारा माणूस एवढ्या जवळून तेव्हा पहिल्यांदा पाहिला. माझ्या अंगावर काटा यायचा, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागायचा होता आणि गावात अधूनमधून बंद असायचा. पार्लरही बंद राही. त्या दिवशी अप्पा ओसरीवर बसून हवेत अंगठा दाबत राहत.

मुंजाजीनं गोल्फची पहिली स्पर्धा भरवली ती अशाच एका बंदात बुडालेला धंदा भरून काढायला. चुडाव्यापासून लोक आले. अप्पा सगळ्यांत कमी फटक्यांत अठरा गली घेऊन बाजूला झाले. मुंजाजीनं आकडे मोठ्यानं वाचले आणि चषक चुडाव्याच्या एका शेतकऱ्याला दिला. बाकीच्या तीन मशिनांवर जास्त आकडेवाला जिंकतो, तर इथं वेगळं कसं असेल, हा त्याचा हिशेब. त्या भल्या माणसाचा चेंडू दिवसभर येलदरीत पडत होता, त्यामुळे त्याचा आकडा खरोखर दांडगा होता. गळ्यात हार पडला तेव्हा तोच सगळ्यांत जास्त दचकला. अप्पा शेवटचे ठरले.

गर्दीतून एकाच माणसानं हरकत घेतली. "अरे मियाँ, उल्टा कर दिये तुम. गोल्फ में कम वाला जीतता." हे रेल्वेचे गार्ड याकूबभाई. सिकंदराबादेत कुंपणाबाहेरून त्यांनी खरं गोल्फ बघितलं होतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही, पण अप्पांनी ऐकलं. त्या संध्याकाळी अप्पांच्या ओसरीवर दोन कप चहा आला. त्या घरात दुसरा कप मी तोवर पाहिला नव्हता.

पुढं कित्येक दिवस अप्पा पेंड न्यायला आलेल्या प्रत्येकाला आधी विचारत, "कमी फटक्यात पोचला त्यो मोठा, का जास्ती?" बरोबर उत्तर आल्याशिवाय तागडी हलत नसे. बिचारी माणसं म्हशीसाठी गोल्फ शिकली.

याकूबभाई गाडीवरून आले की अंघोळीआधी पार्लर गाठायचे. दोघं जोडीनं खेळायचे, एक फटका ह्यांचा, एक त्यांचा. बोलणं थोडंच. "अप्पा, हवा देखे क्या?" "बगितली." "फिर मारो." अप्पांच्या तोडीचा तो एकच माणूस तालुक्यात होता. शिवाय याकूबभाई कधी हसू लागले की अप्पाही हसत, आणि अप्पांना पुढचे दात नाहीत हे मला तेव्हा कळलं.

मग मीटरगेजचे रूळ मोठे करायचं काम निघालं आणि माणसं इकडची तिकडं हलायला लागली. याकूबभाईंची बदली पार आंध्रात, गुंतकलला झाली. अप्पा दोन दिवस खेळायला गेले नाहीत.

दुसरी स्पर्धा नेमकी याकूबभाईंच्या शेवटच्या दिवशी आली. संध्याकाळची निजामाबादकडची पॅसेंजर घेऊन ते पूर्णेतून कायमचे जाणार होते. या वेळी कमी फटकेवाला जिंकणार, हे मुंजाजीनं तीनदा जाहीर केलं. दर वर्षी नवा चषक घेणं परवडत नाही म्हणून या वेळचा त्यानं फिरता केला होता. जिंकणाऱ्यानं वर्षभर ठेवायचा आणि पुढच्या स्पर्धेला स्वतः आणून द्यायचा. अप्पांनी दुकानातल्या देवाच्या फळीवर त्याच्यासाठी जागा करून ठेवली होती. गेल्या वर्षीचा अपमान त्यांच्या मनातून गेला नव्हता.

शेवटची जोडी अर्थातच या दोघांची. अठरा गली झाल्या आणि बरोबरी. मग एक गल जादा, तरीही बरोबरी. पुढच्या गलीला अप्पांचा चेंडू भोकापासून हातभर राहिला होता. तेवढा घातला की चषक त्यांचा. अप्पांनी मारला आणि चेंडू गलीच्या अलीकडंच थांबला. लोक हळहळले. अप्पांचा चेंडू कमी पडलेला मी कधीच पाहिला नव्हता. आता याकूबभाईंची पाळी, त्याहून सोपी. त्यांचा चेंडू गलीच्या कडेनं पुढं निघून गेला.

आणखी एक गल, आणखी एक. कधी हे चुकायचे, कधी ते. एकमेकांकडे दोघंही बघत नव्हते. लोकांना वाटलं, दोघं दमले. मला मात्र वेगळंच दिसत होतं. खेळ संपला की गाडी होती, आणि दोघांनाही खेळ संपवायचा नव्हता.

ड्यूटीवर बोलवायला रेल्वेचा कॉलमन दारात आला. "गार्डसाब, गाडी लागली." याकूबभाईंनी दांडी सोडली. "माफ करो अप्पा. ड्यूटी है." खांद्याला पिशवी अडकवून ते मान खाली घालून निघाले. पडद्यावर त्यांचीच पाळी होती, चेंडू गलीपासून बराच लांब. अप्पांनी गल घेतलेली होती, पण चेंडू एकदा येलदरीत गेल्यानं दंडाचा एक फटका त्यांच्या नावावर चढला होता.

"गेला त्यो हारला," मुंजाजी म्हणाला. "अप्पा, चषक तुमचा."

"थांब," अप्पा म्हणाले, आणि याकूबभाईंच्या जागेवर सरकले. वाऱ्याचा बाण बघितला. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. मग तेवढ्या लांबून, वाळू ओलांडून, त्यांनी तो चेंडू एका फटक्यात गलीत घातला. तसा फटका त्यांनी स्वतःसाठी कधी मारला नव्हता. एका फटक्यानं याकूबभाई जिंकले.

"हारलाव आमी," अप्पा म्हणाले. त्यांनी चषक उचलला आणि स्टेशनकडे चालू लागले. मी मागोमाग.

शेवटच्या डब्याच्या दारात याकूबभाई उभे होते. अप्पांनी चषक वर धरला.

"तुमी जिंकलाव."

"मैं कब मारा अप्पा?"

"मारलाव. समदे बगत हुते." मग जरा थांबून, "फिरता हाय त्यो. पुढल्या साली सोता आनून द्यायला लागतंय. मुंजाजीचा नियम हाय, आमी काय करणार?"

एका काखेत चषक दाबून याकूबभाईंनी दुसऱ्या हातानं हिरवा झेंडा हलवला. गाडी हलली. शेवटचा डबा लहान होईपर्यंत अप्पा फलाटावर उभे होते.

आम्ही परत निघालो. मोंढ्याच्या वळणावर त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर, एक साल म्हंजी काय लय न्हाई ना?"

"नाही अप्पा," मी म्हणालो.