गल्ली ब मध्ये संस्था नव्हती

अभ्यास नीट पार पडला असता तर संशोधकाच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, कायम नोकरी. अकरा वर्षं तो संशोधन केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होता आणि दर बाराव्या महिन्यात घरी बसून केंद्राचंच काम फुकट करत होता. दुसरी, स्वतःचं टेबल. सध्याचं टेबल तिघांत मिळून होतं, आणि त्याच्या वाट्याला खण नसलेली बाजू आली होती. तिसरी गोष्ट म्हणजे मेहुण्याचं तोंड बंद होणं. हा मेहुणा दर भेटीत मोठ्या आपुलकीनं विचारायचा, "मग भावोजी, अजून तात्पुरतेच का?" या तिन्हींच्या बदल्यात द्यायचे होते बारा गुरुवार आणि एक दुखरा गुडघा. सौदा काही वाईट नव्हता.

विषय केंद्राच्या संचालक मॅडमनी ठरवून दिला होता. सेवाभावी संस्थेचा कारभार चोख असला की वस्तीत बदल घडतो, हे दाखवायचं होतं.

"आणि तसं दिसलं नाही तर?" संशोधकानं विचारलं.

"दिसतंच. आपण फक्त किती ते मोजायचं," मॅडम म्हणाल्या. "हे जमवा, तुमच्या कायमचं मी बघते."

मोजणीसाठी शेजारशेजारच्या दोन गल्ल्या निवडल्या. गल्ली अ मध्ये एक छोटी संस्था काम करत होती. तिचे सात स्वयंसेवक दर गुरुवारी दोन तास येत, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जात, गप्पा मारत, पत्ते खेळत, औषधं आणून देत. गल्ली ब मध्ये अशी कोणतीही संस्था नव्हती. म्हातारे तिथेही जवळजवळ तेवढेच होते, पण ते आपापल्या दाराला आतून कडी लावून होते. तिथे कुणी काही करायचं नाही, नुसतं मोजायचं, म्हणजे मग दोन्हींतला फरक तो संस्थेचा, असा हिशेब होता.

संस्थेची सगळी कचेरी म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि चिटणीसबाई. बाई वीस वर्षं संस्था चालवत होत्या आणि या वीस वर्षांत त्यांनी एकही सभा दहा मिनिटांच्या वर जाऊ दिली नव्हती. संशोधकानं त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. एकशे बारा प्रश्न होते. प्रत्येक स्वयंसेवकानं दर आठवड्याला भरायचा होता.

"हे भरायला किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"सवय झाली की पावणेदोन तास."

"आमची माणसं दोनच तास येतात. त्यात हे भरू की भेटी देऊ?"

"आधी फॉर्म. भेटी किती परिणामकारक झाल्या ते कळायला नको का?"

"भेटी झाल्याच नाहीत तर?"

"तसं लिहायला जागा आहे. प्रश्न अठ्ठ्याऐंशी."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. केंद्राचा अहवाल चांगला आला तर संस्थेला दुसरी खोली मिळायची होती, तेव्हा त्यांनी वाद वाढवला नाही. पुढल्या गुरुवारपासून सातही स्वयंसेवक त्या एका खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि परिणामकारकतेबद्दल लिहू लागले.

संशोधक स्वतः गल्ली ब मध्ये गेला. तिथल्या इमारती चार मजली होत्या आणि लिफ्ट त्यांच्या नशिबात नव्हती. पहिल्या गुरुवारी तो अडतीस दारं चढला-उतरला. प्रश्न सोपे होते. शेजाऱ्यांपैकी कितीजणांना नावानं ओळखता? रात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाला हाक माराल? गल्लीतलं काही मिळून दुरुस्त केलंय का? उत्तरं त्याहून सोपी होती. कुणाला नाही, कुणालाच नाही, छे. शंभरपैकी गुण एकोणीस. तुलनेचा आधार म्हणून हे आकडे इतके सुंदर होते की संशोधकाला गुडघ्याचं दुखणंही थोडं गोड लागलं.

दुसऱ्या गुरुवारी मात्र गुडघ्यानं हात टेकले. मग संशोधकाला एक साधी युक्ती सुचली. खालच्या मजल्यावर टपालपेट्यांसमोर एक लांब बाक होता. त्यानं तिथे कागद चिकटवला: 'प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी गुरुवारी पाच वाजता खाली यावे.' लोक खाली आले. त्यांना दुसरं काम काय होतं? संशोधक एकेकाला विचारायचा, बाकीचे बाकावर आपली पाळी येईपर्यंत बसायचे. आणि माणसं बाकावर बसली की गप्प बसत नाहीत, ही गोष्ट संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पुस्तकात दिलेली नसते.

"तुम्ही कुठल्या मजल्यावरचे?" एका निवृत्त नर्सबाईंनी शेजारच्या माणसाला विचारलं.

"चौथा मजला. बस चालवायचो पूर्वी."

"चौथ्यावर? ती जागा रिकामी आहे असं समजत होते मी."

"नऊ वर्षं राहतोय."

"आवाज नाही हो तुमचा."

"कुणाशी करणार?"

संशोधकानं हे ऐकलं. मग त्यानं पुढचं नाव पुकारलं.

चौथ्या आठवड्यात जिन्यातला दिवा गेला होता आणि फॉर्म दिसत नव्हता. बसवाल्यानं घरून दिवा आणला.

"प्रश्नवाले, ही खुर्ची धरा जरा."

"मला धरता येणार नाही," संशोधक म्हणाला. "मी तटस्थ आहे."

"राहा की तटस्थ. खुर्ची तेवढी हलू देऊ नका."

खुर्ची धरल्याशिवाय दिवा लागत नव्हता आणि दिव्याशिवाय फॉर्म भरला जात नव्हता. संशोधकानं खुर्ची धरली. त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव प्रश्नवाले पडलं. सहाव्या आठवड्यात मोडक्या कठड्याबद्दल घरमालकाला अर्ज लिहिला गेला, त्याच्याच पेनानं, त्याच्याच पॅडवर ठेवून. 'काही मिळून दुरुस्त केलंय का?' या प्रश्नापुढे त्या गुरुवारी अडतीस वेळा 'हो' आलं.

संशोधक घाबरला. मोजायची गल्ली डोळ्यांदेखत सुधारत होती. सातव्या गुरुवारी तो मुद्दाम गेलाच नाही. घरी पाय पसरून पडला आणि गल्ली पूर्वपदावर येण्याची वाट पाहू लागला. सव्वासहाला दार वाजलं. फॉर्मच्या तळाशी तक्रारीसाठी दिलेला फोन नंबर त्याच्या घरचा होता, आणि त्यावरून बायकोनं नर्सबाईंना पत्ता समजावून सांगितला होता. दारात सहाजण उभे होते. नर्सबाईंनी न विचारता गुडघा दाबून पाहिला, बसवाल्यानं मलमाची डबी काढली.

"सगळे वर चढून आलात?" संशोधकानं हताश होऊन विचारलं.

"एकमेकांना धरून आलो," नर्सबाई म्हणाल्या. "कुणी आजारी पडलं तर कोण जातं, असं तुम्हीच विचारता ना दर आठवड्याला. म्हटलं, उत्तर देऊन टाकू."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, अकरा वर्षांत तुमच्या ऑफिसातलं कुणी कधी आलं नव्हतं. चांगली माणसं आहेत ही."

"ही माझी माणसं नाहीत. हा माझा तुलनात्मक नमुना आहे."

"मग तुमच्यापेक्षा तुमचा नमुना बरा."

इकडे गल्ली अ मध्ये संशोधक गुरुवारी सकाळी दारोदार उभ्या उभ्या हेच प्रश्न विचारून येई, आणि तिथले गुण दर आठवड्याला खाली येत होते. अकरा नंबरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांनी फॉर्म हातात घेऊन लाल पेनानं आधी त्यातला एक प्रश्न दोनदा आलाय हे दाखवून दिलं. मग उत्तर दिलं, "गेल्या महिन्याभरात आमच्याकडे फक्त तुम्ही येता. आणि तुम्ही बसत नाही."

बाराव्या आठवड्याअखेर आकडे आले. गल्ली अ अठ्ठावन्नावरून एकेचाळीसवर आली होती. गल्ली ब एकोणिसावरून त्र्याहत्तरवर गेली होती. मॅडमनी तक्ता सरळ धरून पाहिला, मग उलटा धरून पाहिला.

"म्हणजे संस्था जितकी कमी, तितका बदल जास्त?"

"आकडे तसं म्हणतात."

"शक्य नाही. ब मध्ये कोणतीतरी संस्था छुपेपणानं काम करतेय. हे बघा, 'बदल कोणामुळे झाला?' याला चौतीसजणांनी एकच नाव दिलंय. प्रश्नवाले. कोण हे? कुणाचा पैसा आहे यांच्यामागे?"

संशोधकानं खिडकीबाहेर पाहिलं. मग, फार काही न लपवता, त्यानं खुर्ची धरल्याचं सांगितलं.

मॅडमनी तक्ता टेबलावर पालथा घातला. "एक मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "ब मधले आकडे थोडे खाली घ्या. अ मधले थोडे वर. तुमचा आदेश मी उद्या काढते."

खोटं लिहायला संशोधकाची तत्त्वं आड येत होती असं नाही. तो घरी जाऊन खरोखरच बसला. पण एकेक आकडा बदलायचा म्हणजे सत्तेचाळीस तक्ते पुन्हा करायचे, प्रत्येकाची बेरीज मागच्याशी जुळवायची, आणि बारा आठवड्यांच्या प्रत्येक उत्तराला नवं उत्तर शोधायचं. दुसऱ्या तक्त्यावर त्याची मान खाली पडली. खरं लिहिण्यात श्रम कमी होते. त्यानं खरं लिहिलं, शेवटच्या पानावर स्वतःला अभ्यासातला मुख्य दोष म्हणून नोंदवलं आणि अहवाल देऊन टाकला. करार पुढे वाढला नाही.

महिन्याभरानं चिटणीसबाईंचा निरोप आला. खोली एकच होती, तीच.

"अहवाल वाचला," बाई म्हणाल्या. "सगळा नाही, शेवटचं पान. एका माणसानं बारा आठवड्यांत, एका बाकावर, एक गल्ली उभी केली. आम्हाला वीस वर्षांत निम्मंही जमलं नाही. आमच्याकडे या."

"मी काही केलं नाही हो बाई. माझा गुडघा दुखत होता."

"दुखू द्या. पद कायमचं आहे. पगार बघून कायम म्हणायचं की शिक्षा, ते तुम्ही ठरवा."

अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द असा, भलत्याच खोलीत, भलत्याच तोंडून आला. संशोधकानं सही केली. पहिल्याच दिवशी तो उत्साहानं म्हणाला, "गुरुवारी ब मध्ये जातो मग."

"ब ला आता कुणाची गरज नाही. मी काल जाऊन आले. 'सभा चालू आहे, नंतर या' म्हणून सांगितलं मला." बाईंनी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. "तुम्ही अ मध्ये जा. अकरा नंबरपासून सुरुवात करा."

मुख्याध्यापिकांनी दार उघडलं. त्याच्या हातांकडे पाहिलं.

"फॉर्म कुठाय?"

"आज नाही."

"मग प्रश्न किती?"

"एकही नाही. नुसता आलोय."

त्यांनी त्याला आत घेतलं, खुर्ची दाखवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. लाल पेनानं बारा गुरुवारांवर फुल्या होत्या.

"तुमच्या अभ्यासापायी बारा आठवडे पत्ते खेळायला कुणी फिरकलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या केंद्राला अहवाल मिळाला. शेजारच्या गल्लीला कठडा मिळाला. तुम्हाला नोकरी मिळाली असं ऐकते. बारा डाव गेले ते माझे, आणि अशी या गल्लीत चाळीस घरं आहेत. हे कुठल्या तक्त्यात धरलंय?"

संशोधकानं आठवून पाहिलं. सत्तेचाळीसपैकी कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"पिसा," त्या म्हणाल्या आणि पत्ते पुढे सरकवले.

अंधार पडेपर्यंत तो चार डाव हरला. तो उठला तेव्हा मुख्याध्यापिकांनी चार फुल्यांभोवती गोल केले आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. या घरचे आठ राहिले होते. बाहेर गल्लीत एकोणचाळीस दारं होती, प्रत्येकी बारा.