पुस्तकात ती मरत नाही

गायकवाडकाका थिएटरात पडद्याशी भांडतात. पडदा उत्तर देत नाही, मग ते माझ्याकडे वळतात. "विन्या, पुस्तकात असं नाही हां!" हे कुजबुजून. पण काकांची सगळी नोकरी एमआयडीसीत यंत्रांच्या धडधडाटात गेलेली. त्यांची कुजबुज कोपर स्टेशनहून दिवा स्टेशनला ऐकू जाईल.

आमची दारं समोरासमोर. जुन्या गाजलेल्या कादंबरीवर सिनेमा आला की काका सकाळीच बेल वाजवतात. "तिकीट काढ. ठाण्याला जाऊ. बघू, काय वाट लावलीय." तिकीट मोबाइलवर निघतं, मोबाइल माझा, म्हणून शिक्षाही मला. एकदा मागच्या बाई मलाच म्हणाल्या, "वडलांना घरी ठेवून यायचं ना!" मी सॉरी म्हटलं. काका म्हणाले, "सॉरी दिग्दर्शकानं म्हणायला हवं."

तक्रार ठरलेली: शेवट बदलला. एका सिनेमात मास्तर फासावर जातो. काकांच्या मते पुस्तकात सुटतो आणि जेलर त्याला आल्याचा चहा पाजतो. दुसऱ्यात सून घर सोडते. पुस्तकात सासू तिला हात धरून आत आणते आणि पुन्हा आल्याचा चहा. मला शंका यायला हवी होती. पण शंका यायला पुस्तकं वाचलेली लागतात, आणि मी मराठीत पास झालो तो गाइडच्या जिवावर.

मध्यंतरी एका सिनेमात नायिकेनं खाडीत उडी घेतली. दिवे लागायच्या आत काका उभे. "पुस्तकात ती मरत नाही! नावाडी काढतो तिला. कोरडं लुगडं देतो, चूल पेटवतो..."

"आणि चहा," मी म्हटलं.

"आल्याचा!"

माझं डोकंच फिरलं. डोंबिवलीच्या लायब्ररीतून ती कादंबरी आणली आणि थेट शेवटचं प्रकरण वाचलं. ती मरते. नावाडी पलीकडच्या काठावर झोपलेला असतो. चहाचा पत्ताच नाही. मी विजयी वीरासारखा काकांच्या घरात घुसलो आणि ते पान त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाचा!"

काकांनी पुस्तक हळूच मिटलं. "माहितीये रे."

"काय माहितीये?"

"तुझी इंदूकाकू वाचून दाखवायची. मी मेथी निवडत ऐकायचो. पहिल्याच कादंबरीला शेवटी एवढा रडलो, की जेवलोच नाही. त्यानंतर इंदूच्या पुस्तकांत कोणी मेलंच नाही. वाचून झालं की चहा टाकायची. तोही घालायची गोष्टीत. ती गेल्यावर एकेक पुस्तक स्वतः वाचलं, तेव्हा कळलं."

"मग थिएटरात भांडता कशाला?"

"एखाद्या दिग्दर्शकाला तरी तिच्यासारखं सुचेल, म्हणून बघायला जातो."

परवा पुन्हा ठाण्याला गेलेलो. शेवटी म्हाताऱ्या नायकानं खाटेवर एकट्यानंच प्राण सोडले. काका गप्प. मी वाट पाहिली. शेवटी माझंच तोंड उघडलं, "पुस्तकात मरत नाही तो!"

"ओ काका, गप बसा ना!" मागून कोणीतरी मलाच ओरडलं.

गायकवाडकाकांनी अंधारात माझा हात दाबला आणि म्हणाले, या वेळी खरोखरच कुजबुजत, "चहाचं राहिलं, विन्या."