मागच्या सीटवरची टोपी

ज्येष्ठ मंडळींची सहल हवामान केंद्र बघून निघाली, तेव्हा घड्याळकाका तापमान नोंदवणाऱ्या यंत्रापुढे वाकून उभे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. यंत्रातला कागद गुंडाळलेला डबा चावीच्या घड्याळावर फिरतो हे कळताच त्यांनी कान लावला.

"साहेब, हे अडखळतंय."

"रोज दहा मिनिटं मागे पडतं," केंद्राचा अधिकारी म्हणाला. "वर तीन पत्रं पाठवली. कोण येतंय इथे!"

काकांनी खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. मान वर केली तेव्हा अंगणात बस नव्हती.

त्यांनी घाईघाईने सहलप्रमुखांना फोन लावला. "अहो, मी राहिलो!"

"काहीतरीच काय! मी स्वतः डोकी मोजलीत. तीस पूर्ण."

"पण मी केंद्रातच आहे."

"मागच्या सीटवर झोपलायत तुम्ही. टोपी दिसतेय मला. दमलात, पडून राहा." फोन बंद.

अधिकाऱ्याने कपाळावर हात मारला. "आमचा शिपाई! तुमच्यासारखीच टोपी घालतो. रजेवर निघाला होता, तुमच्याच बसमध्ये चढला."

काका हसायला गेले, पण हसू ओठांवरच विरलं. बायको गेल्यापासून 'उशीर का झाला' असं घरी विचारणारं कोणी नव्हतं. आता बसमध्येही त्यांच्या जागी नुसत्या टोपीवर भागलं होतं. ते मुकाट्याने यंत्र उघडून बसले.

तासाभराने धुरळा उडवत बस परतली. काकांचा जीव भांड्यात पडला. 'नाही हो, रागावलो नाही,' असं म्हणायचं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

सहलप्रमुख धावतच आत आले. "साहेब, एक निळी छत्री राहिलीय का इथे?" मग काका दिसले. "वा! माझ्या आधी उतरलात पण? चला, बसा लवकर."

"मी चढलोच नव्हतो."

प्रमुख बसकडे गेले, पुन्हा मोजून आले, आणि सापडलेली छत्री काखेत धरून दारातच थबकले. "तीस बरोबर आहेत हो. मग तुम्ही जादा कसे?"

काकांनी टेबलावर मांडलेल्या चाकांकडे पाहिलं. "आहे खरा जादा. तुम्ही व्हा पुढे. मी संध्याकाळच्या गाडीने येईन."

बस गेली. अधिकाऱ्याने कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा जुन्या नोंदवह्यांचा ढीग उतरवला, बाहीने धूळ झटकली आणि खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ओढली.

"बसा काका," तो म्हणाला. "तुम्हाला चहा चालतो का, ते विचारायचंच राहिलं बघा."